गोडाऊनमधली शिल्लक आणि भाड्याचं बिल दर महिन्याला जुळत नाही: फरक कुठे शोधायचा

महिन्याची पाच तारीख उलटली की नाशिकच्या अंबडपासून विल्होळीपर्यंत आणि जानोरीपासून सिन्नरपर्यंतच्या गोडाऊनांत एकाच चालीचे फोन सुरू होतात. "भाऊ, आमच्या सिस्टिमला ३४ पॅलेट दिसतायत, तुम्ही ४७ चं बिल कसं काय लावलं?" (पॅलेट म्हणजे खोके रचून फोर्कलिफ्टने उचलायचा पाट.) गोडाऊनवाला सुपरवायझरला हाक मारतो, सुपरवायझर दोन पोरं घेऊन पुन्हा मोजायला जातो. मोजणी पुन्हा ४७ च येते आणि तिकडे पुन्हा ३४ च दिसतात. शेवटी कुणीतरी म्हणतं, "जाऊ द्या ना, मधलं काहीतरी करून टाका." ४० वर तडजोड होते.

दुखणं दर महिन्याला उलटतं ते या तडजोडीमुळेच. ४० हा आकडा कुणाच्याच वहीत नाही. पुढच्या महिन्याची आरंभीची शिल्लक बिलिंगवाला ४० धरतो, सुपरवायझर ४७ आणि ग्राहकाचा अकाउंटंट ३४. तीन वह्या तीन ठिकाणांहून निघाल्यावर त्या महिनाअखेरीस एका जागी भेटणार कशा?

दोघांचीही मोजणी बरोबर असू शकते, हे आधी धरून चाला. ग्राहक माल मोजतो. गोडाऊन जागा मोजतं, आणि ती जागा किती दिवस अडली तेही मोजतं. भाडं या दुसऱ्या मोजणीवर लागतं. त्यामुळे पुन्हा मोजायला माणसं पाठवण्याआधी ग्राहकाकडून त्याची शिल्लक मागवा: नगांमध्ये, मालनिहाय, बॅचनिहाय आणि किती वाजताची आहे त्या वेळेसकट. पॅलेटचा आणि रुपयांचा विषय बाजूला ठेवा. फक्त नग समोरासमोर लावा.

नगच जुळत नसतील तर

फरकाचा आकडा नीट बघा. तो बरंच काही सांगतो.

फरक बरोबर एका गाडीएवढा असेल तर हिशेबाची वेळ चुकली आहे. सातपूरच्या कारखान्यातून ३० तारखेला दुपारी गाडी निघते, त्याच मिनिटाला त्यांच्या ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, माल 'गोडाऊनला' चढतो. गाडी तुमच्या गेटवर संध्याकाळी येते, रांगेत उभी राहते आणि १ तारखेला सकाळी खाली होते. त्यांच्या लेखी जूनचा माल, तुमच्या लेखी जुलैचा. आपल्याकडे यात एक खास नाशिकची भर आहे: गोंदे दोन आहेत. मुंबई-आग्रा महामार्गावरचं इगतपुरी तालुक्यातलं गोंदे, आणि सिन्नर तालुक्यातलं, समृद्धीचा इंटरचेंज असलेलं गोंदे. बाहेरचा ड्रायव्हर मोबाइलवर नुसतं 'गोंदे' टाकून निघाला की दिवस गेलाच. पत्त्यात तालुका लिहिलेला असेल तर यातले काही 'फरक' जन्मालाच येत नाहीत.

उपाय सोपा, पण लेखी हवा. माल आत आला असं कधी म्हणायचं? गेट एन्ट्रीला, गाडी खाली झाल्यावर, की जीआरएनवर (माल मिळाल्याच्या पावतीवर) सही झाल्यावर? मला विचाराल तर गाडी खाली होऊन मोजणी झाल्यावर. गेटवर उभ्या गाडीने तुमची जागा अडवलेली नसते. आणि रोजचा कट, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं, एका ठरावीक वेळेला घ्या, समजा रात्री ८ ला. त्यानंतर झालेली आवक-जावक दुसऱ्या दिवसात.

फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर लिहिताना अंकांची अदलाबदल झाली असण्याची दाट शक्यता आहे. १,२५४ चे १,५२४ झाले की फरक २७०, म्हणजे ९ गुणिले ३०. ही मुनीमांची जुनी युक्ती आजही चालते, कारण चलन बघून आकडा टाइप करणारा माणूस आजही माणूसच आहे.

खोक्यात १२ नग असतील आणि फरक ११ च्या पटीत येत असेल, तर कुणीतरी 'एक खोकं' असा माल 'एक नग' म्हणून चढवला आहे. दिवाळीच्या स्कीमचे '१२ वर १ मोफत'वाले खोके आले की असाच आणखी एक घोळ हमखास. खोक्यावर १३ छापलेले, मास्टरमध्ये (सिस्टिममधल्या मालाच्या मूळ यादीत) १२. स्कीमच्या मालाला वेगळा कोड दिल्याशिवाय हे मिटत नाही.

एका मालात ४० जास्त आणि शेजारच्याच मालात ४० कमी असेल तर आनंद माना. काही हरवलेलं नाही, २०० ग्रॅमच्या जागी २५० ग्रॅमचं पॅकिंग गाडीत गेलं आहे. अर्थात ज्या दुकानदाराकडे ते गेलं त्याचा आनंद वेगळा.

आणि फरक नेमका एका थराएवढा किंवा त्याच्या पटीत असेल तर थप्पी पोकळ आहे का बघा. गाडी भरायच्या घाईत मागच्या बाजूने खोके ओढले जातात, पुढून थप्पी भरलेलीच दिसते. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची करून मोजणारा पोरगा बरोबर गुणाकार करतो आणि चुकीचं उत्तर आणतो. वरून किंवा मागून बघितल्याशिवाय थप्पी मोजली असं म्हणू नये.

धान्याचं प्रकरण निराळं. येवला, मालेगावकडे मका ठेवणाऱ्यांना हे माहीत आहे, पण शहरातल्या व्यापाऱ्याला दर वेळी नव्याने सांगावं लागतं. १४ टक्के ओलाव्याचा १०० क्विंटल मका ठेवला आणि तो वाळून १२ टक्क्यांवर आला, तर कोरडा भाग ८६ क्विंटल तेवढाच राहतो. मग एकूण वजन ८६ भागिले ०.८८, म्हणजे ९७.७३ क्विंटल. सव्वादोन क्विंटल हवेत गेले, कुणी नेले नाहीत. म्हणून आवक करतानाच ओलावा मोजून पावतीवर लिहा. आणि भाडं पोत्यावर लावा. वखार महामंडळांची पोत्यामागे दरमहा भाड्याची जुनी पद्धत या बाबतीत शहाणपणाची आहे, कारण पोतं वाळलं म्हणून ते जमिनीवरची जागा कमी घेत नाही.

नग जुळतात, पॅलेट जुळत नाहीत

आता त्या ३४ आणि ४७ कडे येऊ. ग्राहकाकडे २,०४० खोके आहेत, एका पॅलेटवर ६० बसतात, भागाकार ३४. इथवर त्याचं काही चुकलेलं नाही. पण हे २,०४० खोके वेगवेगळ्या बॅचचे आहेत आणि त्यानेच करारात लिहून घेतलं आहे की बॅच मिसळायच्या नाहीत, ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी काढायचा. म्हणजे प्रत्येक बॅचचं शेवटचं अर्धंमुर्धं पॅलेट वेगळं राहणार. कुठे २२ खोके, कुठे ९, कुठे ३. तीन खोक्यांचं पॅलेटसुद्धा रॅकमधली पूर्ण जागा खातं. एसटीत अर्ध्या तिकिटाचं पोर बसलं तरी सीट पूर्ण अडते, तसं. (हे सांगितल्यावर एका अकाउंटंटचं उत्तर: "मग अर्धं तिकीट तरी द्या की!" मुद्दा बिनतोड होता.)

करारात 'पॅलेटमागे' एवढंच लिहिलेलं असतं, वादाचं मूळ तिथे आहे. 'भरलेल्या पॅलेटमागे' की 'अडलेल्या जागेमागे'? अडलेली जागा हा शब्द लिहा. आणि ग्राहकावर अन्याय नको म्हणून त्याच्या जोडीला एक कलम घाला: एकाच बॅचची दोन अर्धी पॅलेट असतील तर ती आठवड्यातून एकदा गोडाऊनने स्वखर्चाने एकत्र करायची. ते केलं नाही तर जास्तीच्या जागेचं भाडं गोडाऊनच्या माथी. वेगवेगळ्या बॅच एकत्र करायच्या असतील तर ग्राहकाची लेखी परवानगी आणि पुन्हा रचायची वेगळी मजुरी. हे कलम असलं की ४७ मधले किती त्याच्या नियमामुळे आणि किती तुमच्या आळसामुळे, ते दोघांनाही दिसतं.

पॅलेटवरून चौरस फूट काढायच्या फंदात पडू नका. १,२०० बाय १,००० मिलिमीटरचं पॅलेट जमिनीवर जेमतेम १३ चौरस फूट घेतं. ग्राहक ४७ ला १३ ने गुणून सहाशे-साडेसहाशे फूट काढतो आणि विचारतो, मग मोठ्या जागेचं भाडं कशाला? फोर्कलिफ्ट वळायला गल्ली लागते, खांब आहेत, डॉकसमोर (गाडी लावून माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्यासमोर) मोकळी जागा लागते. हे सगळं चौरस फुटाच्या करारात आधीच मोजायचं असतं, कुठून कुठपर्यंत ते नकाशावर रंगवून. एकदा दर पॅलेटचा ठरला की मग चौरस फुटाचं नाव दोघांनीही काढू नये.

पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. इगतपुरीकडच्या गोडाऊनांत जुलै-ऑगस्टात हवा इतकी दमट असते की पुठ्ठ्याचे खोके मऊ पडतात आणि खालचा थर बसू लागतो. सुपरवायझर शहाणा असेल तर थप्पी सातवरून पाच थरांवर आणतो. माल तेवढाच, जागा दीडपटीच्या आसपास. बिल वाढतं आणि ग्राहकाला वाटतं आपल्याला गंडवलं. थर कमी करण्याआधी फोटो काढून कळवलं तर हा वाद पाच मिनिटांत संपतो. बिलासोबत कळवलं तर महिनाभर चालतो.

परतीचा, तुटफुटीचा आणि मुदत संपलेला माल ही सगळ्यात कडवट जागा. ग्राहकाच्या सिस्टिममध्ये तो शून्य करून टाकलेला असतो, विक्रीयोग्य नाही म्हणून. तुमच्याकडे तो कोपऱ्यात बसलेला असतो, वर्ष वर्ष. त्याच्यासाठी वेगळा लोकेशन कोड ठेवा, बिलात वेगळी ओळ करा आणि दर तिमाहीला 'न्या किंवा नष्ट करायची परवानगी द्या' असं पत्र पाठवा. रिकामी पॅलेट, क्रेट, दुकानात उभे करायचे डिस्प्ले स्टँड यांचंही तेच. ते कुणाच्याच स्टॉकमध्ये नसतात आणि जागा मात्र अडवतात.

पॅलेटही जुळतात, रुपये जुळत नाहीत

इथे दिवसांचा प्रश्न आहे. एक हिशेब मांडून बघू. दर पॅलेटला रोजचे ४ रुपये, म्हणजे महिन्याचे १२०. जूनच्या १ तारखेला २०० पॅलेट. १२ ला १५० आली. २० ला १८० गेली. २८ ला ९० आली. महिनाअखेर शिल्लक २६०. या आकड्यांवर कुणाचाही वाद नाही.

रोज रात्रीच्या शिल्लकेवर बिल लावलं तर पहिले ११ दिवस २००, पुढचे ८ दिवस ३५०, पुढचे ८ दिवस १७० आणि शेवटचे ३ दिवस २६०. बेरीज ७,१४० पॅलेट-दिवस, बिल २८,५६० रुपये. आरंभीच्या आणि अखेरच्या शिल्लकेची सरासरी काढली तर २३० पॅलेट, २७,६०० रुपये. नुसती अखेरची शिल्लक धरली तर ३१,२००. महिन्यातला सर्वांत मोठा साठा धरला तर ३५० पॅलेटचे ४२,०००. आणि जुनी पंधरवड्याची पद्धत, म्हणजे आरंभीचा माल पूर्ण महिना, १५ तारखेपर्यंत आलेला पूर्ण महिना, नंतर आलेला अर्धा महिना, मधे गेला तरी सूट नाही: २४,०००, १८,००० आणि ५,४०० मिळून ४७,४००.

माल तोच, दर तोच, मोजणी बिनचूक, आणि बिल २७,६०० पासून ४७,४०० पर्यंत कुठलंही. यातली कुठलीही पद्धत मुळात लबाडीची नाही. पंधरवड्याची पद्धत लावणाऱ्याचा मासिक दर साधारण कमी असायला हवा, एवढंच. लबाडी तेव्हा होते जेव्हा दर एका पद्धतीचा आणि हिशेब दुसऱ्या पद्धतीचा लावला जातो. किंवा भरल्या महिन्यात सर्वांत मोठा साठा आणि रिकाम्या महिन्यात किमान हमी (माल कमी असला तरी द्यायचं ठरलेलं भाडं). करारात दोन्ही असतील तर कोणतं केव्हा, ते उदाहरणासकट लिहा. असं पाच ओळींचं सोडवलेलं उदाहरण करारालाच जोडलं तर वकिलाच्या पाच पानांपेक्षा ते जास्त कामाला येतं.

माझं मत रोजच्या शिल्लकेच्या बाजूने आहे. हिशेब ठेवायला कटकटीचं, पण नंतर भांडायला जागाच उरत नाही. त्यात एक बारीक प्रश्न राहतो: येण्याचा दिवस आणि जाण्याचा दिवस, दोन्ही मोजायचे का? रात्रीच्या शिल्लकेवर आलात तर येण्याचा दिवस आपोआप मोजला जातो, जाण्याचा सुटतो. दोन्ही मोजायचे म्हटलं तर वरच्या उदाहरणात २० तारखेच्या १८० पॅलेटचे ७२० रुपये वाढतात. रक्कम किरकोळ आहे, पण दर महिन्याला येणाऱ्या 'थोड्याशा फरकाचं' हे नेहमीचं कारण. तुमचा फरक त्या महिन्यात गेलेल्या पॅलेट गुणिले रोजचा दर एवढाच येतो का, ते आधी तपासा.

कोल्ड स्टोरेजवाल्यांसाठी वेगळं

पिंपळगाव, निफाड, दिंडोरी पट्ट्यात बेदाणा ठेवणाऱ्यांची अडचण मोजणीची नाहीच. १५ किलोचं खोकं, लॉट नंबर, खोली नंबर, सगळं नीट असतं. अडचण ही की माल हलत नाही, मालक बदलतो. शेतकऱ्याने ठेवलेला लॉट नमुन्यावर विकला जातो, घेणारा व्यापारी तो तिथेच ठेवतो, पुढे अर्धा लॉट दुसऱ्याला देतो. खोकं जागचं इंचभर हललेलं नाही आणि एका महिन्यात त्याचे तीन मालक झालेले. मासिक दर असेल तर कुणाला पूर्ण महिना लावायचा? नाव बदलल्यावर नवी पावती केली की पुष्कळ ठिकाणी सॉफ्टवेअर त्याला नवी आवक समजतं, आणि एकाच खोक्याचं भाडं दोघांना जातं. उलटही होतं: दोघेही म्हणतात 'तो महिना समोरच्याचा'.

नावबदलाला आवक-जावक न धरता तिसराच व्यवहारप्रकार करा. त्यावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांची सही घ्या. भाडं कुठल्या तारखेपर्यंत कुणाचं, हे त्याच कागदावर लिहा. आधीचं थकलेलं भाडं वसूल झाल्याशिवाय नाव फिरवू नका, कारण नाव फिरल्यावर आधीच्या मालकाचा माल तुमच्या खोलीत उरत नाही आणि त्याला आठवण करून द्यायला तुमच्या हातात काही राहत नाही. मूळ ठेवल्याची तारीख नव्या पावतीवरही जशीच्या तशी येऊ द्या. ती पुसली गेली की मालाचं वयच हरवतं.

कराच्या बाजूने, शेतमाल मूळ रूपात साठवण्याच्या सेवेला जीएसटीची सूट आहे, बाकी गोदाम सेवेला १८ टक्के. तुमचा माल 'शेतमाल' या व्याख्येत बसतो का, हे लॉट आत घेण्याआधी सीएकडून लेखी घ्या.

मोजणीबद्दल थोडं

मोजणाऱ्याच्या हातात सिस्टिमची शिल्लक छापलेला कागद देऊ नका. कागदावर ४७ दिसले की डोळ्यांनाही ४७ च दिसतात. रकाना रिकामा ठेवा. मालाच्या यादीने न मोजता जागेच्या क्रमाने मोजा, अ गल्लीच्या पहिल्या खणापासून सुरू करून. यादीने मोजलं तर यादीत नसलेला माल कधीच सापडत नाही, आणि हरवलेला माल हटकून तिथेच बसलेला असतो. मोजणी चालू असताना त्या गल्लीत आवक-जावक बंद. अख्खं गोडाऊन बंद ठेवायची गरज नाही, रोज एक गल्ली पुरे. वेगाने फिरणारा आणि महागडा माल आठवड्याला, बाकीचा महिन्याला किंवा तिमाहीला.

आणि मालाची नोंद ठेवणं ऐच्छिक नाही. जीएसटीच्या नियम ५८ प्रमाणे गोडाऊन चालवणाऱ्याने माल मालकनिहाय आणि वस्तुनिहाय ओळखता येईल असा ठेवायचा असतो, आणि कुठला माल किती काळ राहिला याची नोंदही ठेवायची असते. म्हणजे रोजच्या शिल्लकेची वही तुम्हाला तशीही लागतेच. तीच बिलाला वापरा.

ती वही महिनाअखेरीपर्यंत स्वतःजवळ दाबून ठेवू नका. रोज रात्री कटनंतरची शिल्लक, अडलेल्या जागांसह, ग्राहकाला मेलवर जाऊ द्या. हरकत असेल तर दोन कामाच्या दिवसांत. महिन्याच्या बिलात मग नवीन काहीच नसतं, तीस मेलची बेरीज असते.

बिल खरंच चुकलं असेल तर

पुढच्या बिलात वळतं करू, असं म्हणू नका. जास्त लागलं असेल तर त्याच बिलाच्या नावाने क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढा. जीएसटीसाठी तिची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तोपर्यंत. कमी लागलं असेल तर डेबिट नोट (रक्कम वाढवणारी).

बिल मान्य होऊनही पैसे कमी आले तर गोडाऊनमध्ये शोधायला जाऊ नका, टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) बघा. एका ग्राहकाचा अकाउंटंट ते जागेचं भाडं समजून १० टक्के कापतो, दुसरा कंत्राटी काम समजून २ टक्के. कोल्ड स्टोरेजच्या शीतकरण शुल्काबाबत प्रत्यक्ष कर मंडळाने २००८ च्या परिपत्रक क्रमांक १ मध्येच सांगितलं आहे की ते भाडं नाही, कंत्राटी सेवा आहे. त्या परिपत्रकाची प्रत ग्राहकाच्या अकाउंटंटला पहिल्याच बिलासोबत पाठवून ठेवा.